लिनक्सवर रेडिओ : साउंड कार्डाला नंबरानं नाही, नावानं हाक मारा

एसटीत बसलाय, इअरफोन घरी राहिला, अशांसाठी या भागाचं हे लेखी रूप.

परभणीत वाढलेल्या माणसासाठी रेडिओ म्हणजे आकाशवाणी परभणी, मीडियम वेव्ह, १३०५ किलोहर्ट्झ. आजोबांच्या ट्रान्झिस्टरचा काटा कायम तिथंच. त्यामुळं एका छोट्या कम्युनिटी रेडिओवाल्यांनी "आमचं कॉम्प्युटर लावून दे" म्हटल्यावर मी लगेच हो म्हणालो.

आधी रेडिओ ऑटोमेशन म्हणजे काय ते बघू. निवेदक जागेवर नसला तरी ठरलेल्या वेळी गाणी, जाहिराती, हवामानाचा निरोप लावणारं सॉफ्टवेअर. लिनक्सवर यासाठी रिव्हेंडेल आहे. मुक्त आणि फुकट. दिल्लीच्या ग्रामवाणीनं आपल्याकडच्या कम्युनिटी रेडिओसाठी ग्रिन्स बनवलं, तेही लिनक्सवरच चालतं. आम्ही रिव्हेंडेल घेतलं.

साउंड कार्डं दोन लावली. एकाचा आवाज ट्रान्समीटरला जातो, दुसऱ्याचा निवेदकाच्या हेडफोनला. पुढचं गाणं आधी ऐकून बघायचं असतं ना, ते श्रोत्यांना ऐकू जायला नको.

सगळं चाललं, मी घरी आलो. दोन दिवसांनी सकाळी फोन, "दादा, स्क्रीनवर गाणं चालू दिसतंय, पण रेडिओवर चिडीचूप!" दिवस मृगाचे, लोक हवामानाच्या निरोपाची वाट बघत होते, आणि तो निरोप टेबलावरच्या हेडफोनमध्ये वाजत होता.

रात्री लाईट गेली होती. मशीन पुन्हा चालू झाल्यावर कार्डांचे नंबर उलटे झाले. लिनक्सच्या आवाजाचा भाग सांभाळणारी अल्सा जे कार्ड आधी सापडेल त्याला शून्य नंबर देते, पुढच्याला एक. हा क्रम दर वेळी तोच राहील याची खात्री नाही. मी मात्र नंबरावर विसंबलो. चूक माझीच.

उपाय असा. टर्मिनलमध्ये 'एप्ले', स्पेस, 'डॅश एल' टाका. प्रत्येक कार्डाचा नंबर आणि नाव दिसेल. मग ईटीसी फोल्डरमधली 'एसाउंड डॉट कॉन्फ' ही फाइल उघडा. रिव्हेंडेलसाठी तिथं 'आरडी-शून्य', 'आरडी-एक' अशा नोंदी असतात. त्यात 'कार्ड' या शब्दापुढं नंबराऐवजी नाव लिहा. झालं, क्रम बदलला तरी आवाज योग्य तारेत जाणार.

दोन्ही कार्डं एकाच मेकची स्वस्त यूएसबी असतील तर नावंही जवळपास सारखीच येतात आणि पुन्हा गोंधळ. म्हणून एक मदरबोर्डवरचं आणि एक यूएसबी ठेवा.

अजून दोन गोष्टी. पल्सऑडिओच्या सेटिंगमध्ये ट्रान्समीटरच्या कार्डाचं प्रोफाइल 'ऑफ' करा, नाहीतर ब्राउझरमधला व्हिडिओ थेट गावभर ऐकू जाईल. आणि सॅम्पल रेट ४४,१०० किंवा ४८,०००, जो असेल तो रिव्हेंडेलमध्ये आणि कार्डावर एकच ठेवा.

शेवटी परीक्षा. मशीन तीन-चार वेळा बंद-चालू करा आणि दर वेळी स्क्रीनकडं न बघता खिशातल्या रेडिओवर ऐका. श्रोत्याला तेवढंच कळतं. मी त्या दिवशी हेच केलं नव्हतं.

कुठं अडलं तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात घेऊ. भेटूच!