ओळंबा जिथे पुरत नाही

घरगुती लेझर कटर आता तालुक्याच्या गावांतही पोचले आहेत. एमडीएफच्या नेमप्लेटा, स्नेहसंमेलनाच्या ट्रॉफ्या, रुखवतातली नावं असा हा धंदा. यंत्राच्या झाकणात कॅमेरा असतो. तो खालच्या फळीचा फोटो संगणकावर दाखवतो, त्या फोटोवर नक्षी ठेवायची आणि लेझरने नेमकं तिथेच कापायचं, अशी अपेक्षा. कापतं दोन मिलिमीटर बाजूला. मग अलाइनमेंटचा खटाटोप सुरू होतो. ठिपक्यांचा छापील कागद निरनिराळ्या जागी ठेवून भिंगाची वक्रता सॉफ्टवेअरला शिकवायची, चार कोपऱ्यांत चार खुणा कापायच्या आणि फोटोत त्या एकेक करून दाखवून द्यायच्या. एवढं केलं की जमतं, पण त्याच उंचीच्या फळीपुरतं. तीन मिलिमीटरच्या जागी बारा मिलिमीटरचा प्लाय आला, किंवा झाकण बिजागरीवर जरासं वेगळं बसलं, की पुन्हा पहिल्यापासून.

यंत्रातले आरसे जुळवण्याचं काम त्याहून मुळातलं. कार्बन डायऑक्साइड लेझरचा किरण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आरशापुढे मास्किंग टेप चिकटवून क्षणभर किरण सोडतात आणि टेपवर जळालेला डाग बघतात. कटरचं डोकं जवळ असताना एक डाग, रुळाच्या टोकाला नेऊन दुसरा. दोन्ही एकावर एक पडले तर किरण रुळाला समांतर आहे. जवळचा डाग मधोमध पडला म्हणून कुणी खूश होऊ नये. जवळून सगळंच सरळ असतं, दिशा किती चुकली ते लांबचा डाग सांगतो.

हिंगोली जिल्ह्यात हा लांबचा डाग चार किलोमीटरवर पडायचा आहे.

औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळा शिवारात, सुमारे १७४ एकर जमिनीवर, लिगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथे अशा दोन वेधशाळा आहेत. त्यांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी दोन कृष्णविवरांच्या मीलनातून निघालेली लहर टिपली. ११ फेब्रुवारी २०१६ ला ते जाहीर झालं आणि आठवड्याच्या आत केंद्र सरकारने भारतीय प्रकल्पाला तत्त्वतः मान्यता दिली. अंतिम मंजुरी मात्र ६ एप्रिल २०२३ ला आली, २,६०० कोटी रुपयांची. मधली सात वर्षं कुठे गेली हा प्रश्न हिंगोलीकर विचारतात, आणि तो रास्त आहे.

यंत्राची कल्पना सोपी आहे. एक लेझर किरण दुभागून काटकोनातल्या दोन भुजांमध्ये सोडायचा, टोकांच्या आरशांवरून परत आणायचा आणि दोन्ही अर्धे एकमेकांत मिसळून बघायचे. लहर जाताना एक भुजा कणभर लांबते, दुसरी आखडते, आणि मिसळलेल्या प्रकाशात फरक पडतो. हा कण म्हणजे प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाइतका. त्यासाठी प्रकाशाला प्रत्येक भुजेत सुमारे तीनशे फेऱ्या मारायला लावतात. किरण जरा तिरका असेल, तर पुढच्या फेऱ्यांत तो भरकटतोच.

पण मुळात चार किलोमीटरची सरळ रेष आखायची कशी? गवंड्याकडे ओळंबा आणि पाण्याची नळी असते, पिढ्यान्‌पिढ्या त्यावर वाडे उभे राहिले. इथे दोन्ही निरुपयोगी ठरतात. पृथ्वी गोल असल्याने एका टोकाला आडवा सोडलेला किरण चार किलोमीटरवर जमिनीच्या पातळीपेक्षा सव्वा मीटर वर असतो. दोन टोकांना दोन गवंड्यांनी ओळंबे सोडले, तर दोन्ही अचूक उभे असतील आणि तरीही एकमेकांना समांतर नसतील, कारण दोन्ही पृथ्वीच्या केंद्राकडे बघतात. या ओळंब्यांना धरून आरसे उभे केले तर ते एकमेकांच्या डोळ्यांत न बघता किंचित आभाळाकडे बघतील. म्हणून भुजेखालचं काँक्रीट पातळी न धरता सरळ रेष धरून ओतावं लागतं. अमेरिकेत १.२ मीटर व्यासाच्या पोलादी नळीचे सुमारे वीस-वीस मीटरचे तुकडे जोडताना उपग्रहांची मदत घेतली, डिफरन्शियल जीपीएसने. चार किलोमीटरमध्ये नळी सरळ रेषेपासून सरासरी पाच मिलिमीटरच्या आसपास ढळली. मला विचाराल तर या प्रकल्पातला सगळ्यांत सुंदर आकडा हा आहे. प्रोटॉनचा दहा हजारावा भाग कल्पनेत बसत नाही, पाच मिलिमीटर बोटाने दाखवता येतात.

औंढ्याजवळ हे घडावं यात एक गंमत आहे. नागनाथाच्या देवळामागे कीर्तन करणाऱ्या नामदेवांकडे तोंड करण्यासाठी देऊळच फिरलं आणि नंदी मागे राहिला, ही आख्यायिका इथलं लहान मूलही सांगतं. नामदेवांच्या गावाच्या, नर्सीच्या, जिल्ह्यात आता आरसे फिरवायचे आहेत, तेही हात न लावता.

हात लावता येतच नाही. हे आरसे म्हणजे अतिशुद्ध सिलिका काचेचे ४० किलोचे ठोकळे, ३४ सेंटिमीटर व्यासाचे. चार मजली लोलकाच्या तळाशी ते काचेच्याच तंतूंवर टांगलेले असतात आणि भोवती जवळजवळ संपूर्ण निर्वात. लोलकाचे वरचे मजले चुंबक आणि तारेच्या वेटोळ्यांनी ढकलायचे, खालच्या आरशाला विद्युत बलाने नुसतं सुचवायचं. हा लेझरही अवरक्त आहे, १,०६४ नॅनोमीटरचा, त्यामुळे इथेही डोळ्यांऐवजी कॅमेरे लागतात. आरशाच्या पृष्ठभागावरून विखुरलेला प्रकाश ते टिपतात आणि नियंत्रण कक्षात बसलेल्या माणसाला पडद्यावर दिसतं, की किरण आरशाच्या मध्यावर आहे की कडेला सरकला. शिवाय प्रत्येक आरशावर एक वेगळा छोटा किरण सोडून त्याच्या परावर्तनावरून आरशाचा कल मोजतात. सुरुवातीची जुळणी साधायला हिरवा लेझर वापरतात. आधी तो आरशांमध्ये स्थिरावतो, मग अवरक्त किरणाला तिथे आणून बसवतात.

कटरमध्ये नसलेली अडचण यानंतर येते. भुजेत साठलेला प्रकाश शेकडो किलोवॉटचा असतो आणि प्रकाश आरशाला ढकलतो. ठिपका मध्यावरून जरा सरकला की धक्का एका बाजूला जास्त, आरसा त्या बाजूने कलतो, आणि कलल्यामुळे ठिपका आणखी सरकतो. चूक स्वतःलाच खतपाणी घालते. म्हणून अलाइनमेंट एकदा करून झाकण लावण्याची सोय नाही. सेकंदात अनेकदा मोजायचं आणि लगेच सुधारायचं, यंत्र चालू असेतोवर. आरशांचा कल रेडियनच्या अब्जाव्या भागाच्या आसपास रोखून धरावा लागतो.

कामाची वाटणी चार संस्थांत आहे. बांधकाम अणुऊर्जा विभागाच्या बांधकाम संचालनालयाकडे, निर्वात व्यवस्था गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेकडे, लेझर आणि यंत्रजोडणी इंदूरच्या राजा रामण्णा केंद्राकडे, आणि जागेची निवड, विदा-विश्लेषण, शास्त्रज्ञांची फळी पुण्याच्या आयुकाकडे. आयुकात संजीव धुरंधर यांनी गोंगाटातून अशा लहरींचा माग काढण्याच्या पद्धतींवर काम सुरू केलं, तेव्हा भारतात अशी वेधशाळा होईल असं म्हणणाऱ्याला वेड्यात काढलं असतं. मूळ उपकरणं हॅनफर्डमधल्या दुसऱ्या यंत्रासाठी तयार झाली होती, ती भारताला मिळायची आहेत. अमेरिकेतल्या दोन वेधशाळांपासून इतक्या दूर एक कान असला, की आवाज आकाशाच्या कुठल्या भागातून आला ते कितीतरी नेमकं सांगता येतं.

जागा निवडताना समुद्रापासूनचं अंतर, कमी वर्दळ आणि जमिनीची स्थिरता पाहिली गेली. वसमत-औंढा भागातले लोक तरीही भूगर्भातल्या आवाजांबद्दल बोलतात, आणि २०२४ च्या मार्च व जुलैमध्ये जिल्ह्याने ४.५ तीव्रतेचे धक्के अनुभवले. असे धक्के आरशांची जुळणी मोडतात, ती पुन्हा बसवावी लागते. लांबच्या मोठ्या भूकंपांनी अमेरिकेतही हेच होतं. मला काळजी रोजच्या गोष्टींची वाटते. लिव्हिंग्स्टनच्या वेधशाळेला शेजारच्या जंगलातल्या वृक्षतोडीचा त्रास झाला होता. इथे दगडखाणीचे सुरुंग आहेत, खडीचे क्रशर आहेत, आणि वेधशाळेसाठीच होणाऱ्या रस्त्यांवरून धावणारे हायवा आहेत. २०३० पर्यंत यंत्र उभं करायचं असेल तर दुधाळ्याच्या आसपास कुठल्या अंतरात खाणपट्टे द्यायचे नाहीत, हे जिल्हाधिकारी कार्यालयाने आजच नकाशावर आखून गावोगावच्या ग्रामसभांपुढे ठेवायला हवं.