परसातील जीप

खेड्यातील एखाद्या जुन्या घराच्या परसात, चिंचेच्या झाडाखाली, कधीकधी एक मोडकी जीप उभी असलेली दिसते. चाकांतील हवा केव्हाच गेलेली असते, आसनांतून काथ्या बाहेर आलेला असतो आणि बॉनेटखाली उंदरांनी संसार थाटलेला असतो. भंगारवाला तिचा भाव वजनावर सांगतो. परंतु हीच गाडी एके काळी भर पावसाळ्यात चिखल तुडवीत आजारी माणसांना तालुक्याच्या दवाखान्यात नेत असे, हे आजोबा विसरलेले नसतात. अशी जीप घरच्या घरी पुन्हा चालती करता येईल का? येईल, पण त्यासाठी बळापेक्षा धीर अधिक लागतो.

जीपचा जन्म युद्धाच्या गरजेतून झाला. १९४० साली अमेरिकेच्या सैन्याला खडकाळ व चिखलाच्या वाटेने जाणारी हलकी गाडी हवी होती. बँटम नावाच्या एका लहान कंपनीने अवघ्या ४९ दिवसांत पहिला नमुना तयार करून दिला. पुढे दुसऱ्या महायुद्धात विलिस आणि फोर्ड या कंपन्यांनी अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. युद्ध संपल्यावर महिंद्र कंपनीने विलिस जीपचे सुटे भाग आणून मुंबईत त्या जुळवण्यास प्रारंभ केला.

त्या काळच्या सामान्य मोटारीत इंजिनाची शक्ती दोनच चाकांना मिळे. जीपमध्ये गिअरपेटीच्या मागे आणखी एक लहान पेटी असते. तिच्यामुळे ती शक्ती चारही चाकांना देता येते. मागची चाके चिखलात फिरत राहिली, तरी पुढची चाके गाडीला ओढून काढतात.

आता गाडी दुरुस्त करताना पहिला मोह होतो तो नवी बॅटरी जोडून इंजिन सुरू करून पाहण्याचा. हा मोह अवश्य टाळावा. हवेतील प्राणवायू आणि ओलावा यांच्या संयोगाने लोखंडावर गंज चढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. म्हणून इंजिनातील दट्ट्या आपल्या नळकांड्यात घट्ट अडकून बसतो. अशा वेळी इंजिन जबरदस्तीने फिरवले, तर गुळगुळीत भिंतींवर ओरखडे पडतात आणि वाचू शकणारे इंजिन कायमचे निकामी होते.

म्हणून आधी चारही स्पार्क प्लग काढावेत व त्या भोकांतून पातळ तेल सोडावे. तेल गंजात मुरण्यास काही दिवस लागतात. त्यानंतर पुढून हँडल घालून ते हलक्या हाताने फिरवून पाहावे. हलले नाही, तर पुन्हा तेल घालून वाट पाहावी. टाकीतील जुने पेट्रोलही काढून टाकावे लागते. त्यातील हलके घटक उडून गेल्यावर डिंकासारखा चिकट गाळ उरतो आणि तो कार्बुरेटरच्या बारीक वाटा बुजवतो. रिकाम्या टाकीतही पेट्रोलची वाफ असते, आणि एका ठिणगीने ती भडकू शकते. म्हणून टाकीचे काम जाणत्या मिस्त्रीकडेच सोपवावे.

मुलांनी करावयाचे काम वेगळे, पण तितकेच महत्त्वाचे आहे. कोणताही भाग काढण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे अथवा आकृती काढावी. प्रत्येक ठिकाणचे नट-बोल्ट निरनिराळ्या डब्यांत ठेवून त्यांवर चिठ्ठ्या चिकटवाव्यात. या इंजिनात ठिणगी १, ३, ४, २ या क्रमाने पडते. तारांची अदलाबदल झाली, तर सर्व भाग चांगले असूनही इंजिन चालत नाही. मात्र गाडी केवळ जॅकवर उचललेली असताना तिच्याखाली कोणीही जाऊ नये. भक्कम आधार आधी लावावेत.

अखेरीस एके दिवशी इंजिन सुरू होते. घरातील सर्वांना वाटते, आता एक फेरी मारावी! याच क्षणी स्वतःला आवरले पाहिजे. जीपचे ब्रेक तेलाच्या दाबावर चालतात. ते तेल हवेतील ओलावा शोषते. त्यामुळे आतील भाग गंजतात, आणि कालांतराने रबरही कडक होऊन चिरते. इंजिन बंद पडले, तर गाडी उभी राहील. पण ब्रेक लागला नाही, तर माणसाचा जीव जाईल. म्हणून आधी ब्रेक, मग फेरी.

रंगाचे काम शेवटचे. गंज खरवडून पत्रा स्वच्छ केल्याशिवाय दिलेला रंग वरून शोभतो, पण त्याखाली पत्रा कुजतच राहतो.

पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या खासगी गाड्यांच्या नोंदणीसाठी केंद्र सरकारने २०२१ साली स्वतंत्र नियम केले. तेव्हा जो मूळ भाग दुरुस्त होऊ शकतो, तो फेकून देऊ नये. पुन्हा चालू लागलेल्या जीपमध्ये आजोबा बसतील, तेव्हा त्यांच्या हाताला तेच जुने सुकाणूचक्र लागेल; आणि ते पुन्हा फिरते करण्यास आपलेही हात लागले आहेत, हे तुम्हांला ठाऊक असेल.