नळयोजनेसाठी कर्ज

नळयोजना तीस-तीस वर्षे पाणी देते. तिचा खर्च मात्र आरंभीच्या दोन-तीन वर्षांतच करावा लागतो. घरपट्टी व पाणीपट्टीवर चालणाऱ्या लहान नगरपालिकेला तो झेपत नाही. व्यापारी बँका इतक्या दीर्घ मुदतीचे कर्ज सहसा देत नाहीत. अशा वेळी विकास बँकांचा आधार मिळतो. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९६ मध्ये तमिळनाडू नागरी विकास निधी उभा राहिला. राज्यशासनाबरोबर तीन वित्तसंस्था त्यात भागीदार झाल्या. कर्ज मिळे, पण परतफेडीची ऐपत तपासूनच. अनुदानाची सवय झालेल्या नगरपालिकांना हे काहीसे जाचकच. पुढे २००२ मध्ये स्थापन झालेल्या दुसऱ्या निधीने १३ लहान नागरी संस्थांसाठी एकत्रित रोखे विकून सुमारे ३० कोटी रुपये उभारले. एकट्यादुकट्या शहराच्या रोख्यांना गिऱ्हाईक मिळणे कठीणच होते.