कृत्रिम सांधा झिजतो कसा?

खुब्याचा सांधा म्हणजे वाटीत फिरणारा गोळा. गोळ्यावर आणि वाटीत कूर्चेचं अस्तर असतं, आणि मधे अंड्यातल्या पांढऱ्यासारखा बुळबुळीत द्रव. कूर्चेत 70 ते 80 टक्के पाणी असतं. पाय टेकला की बराचसा भार हे कोंडलेलं पाणीच पेलतं, त्यामुळे घर्षण नगण्य राहतं.

कृत्रिम सांध्यात कूर्चा नसते. शस्त्रक्रियेनंतर शरीर सांध्याभोवती पुन्हा द्रव तयार करतं, पण आता त्याला धातू आणि प्लास्टिक यांच्यामध्ये वंगणाचं काम करायचं असतं. तिथे जमणारा थर अतिशय पातळ असतो. धातूचा गोळा आरशासारखा घासलेला असला, तरी प्लास्टिकच्या वाटीवरचे सूक्ष्म उंचवटे त्या थरातून वर डोकावतात. दोन्ही पृष्ठभाग पूर्णपणे सुटे राहत नाहीत आणि प्रत्येक पावलाला थोडी तरी घासाघीस होते.

मग वाटीसाठी सर्वांत निसरडा पदार्थ वापरला तर? इंग्लंडमधल्या रायटिंग्टन रुग्णालयातले सर्जन जॉन चार्नली यांनी 1950 च्या दशकाच्या अखेरीस टेफ्लॉन निवडलं ते याच विचाराने. गोळाही त्यांनी मुद्दाम लहान केला, अवघ्या 22 मिलिमीटरचा, म्हणजे घर्षणाचा पीळ कमी पडेल. सुमारे 300 रुग्णांना हे सांधे बसवले गेले. सुरुवातीला ते छान चालले, पण दोन-तीन वर्षांतच गोळे वाट्या पोखरत आत गेले आणि झडलेल्या भुकटीने आजूबाजूच्या ऊतींना सूज आणली. टेफ्लॉन निसरडं होतं, टिकाऊ नव्हतं. घर्षण आणि झीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा त्यातून मिळाला.

1962 मध्ये चार्नलींच्या प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिथिलीनचा तुकडा चाचणीयंत्रावर चढवला. हा पदार्थ टेफ्लॉनइतका निसरडा नाही. तरीही तीन आठवडे घासून झालेली त्याची झीज टेफ्लॉनच्या एका दिवसाच्या झिजेहून कमी भरली. चार्नलींनी दोन्ही पदार्थांचे नमुने स्वतःच्या मांडीत टोचून घेऊन शरीराची प्रतिक्रियाही तपासली. त्याच वर्षाअखेरपासून पॉलिथिलीनच्या वाट्या रुग्णांना बसू लागल्या.

पॉलिथिलीनही झिजतंच. जुन्या प्रकारात गोळा वर्षाला साधारण 0.1 मिलिमीटर आत सरकतो. वाटीची जाडी पाहता हे किरकोळ वाटेल. पण त्यातून पावलागणिक लाखो कण सुटतात, आणि त्यातले बरेच एक मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. शरीरातल्या भक्षक पेशी ते गिळतात, पण पचवू शकत नाहीत. त्या चवताळून जे रासायनिक संदेश सोडतात, त्यांनी हाड खाणाऱ्या पेशी जाग्या होतात. सांध्याभोवतीचं हाड विरघळू लागतं आणि वाटी शाबूत असतानाच सांधा सैल होतो. खरा धोका असतो तो या भुकटीचा.

कण सुटतात कसे? पॉलिथिलीनच्या लांबलचक साखळ्या घासण्याच्या दिशेने ओळीत लागतात. त्या दिशेने त्या मजबूत होतात, पण आडवा ताण आला की तुटतात. चालताना गोळा सरळ रेषेत फिरत नाही, दिशा सतत बदलतो, त्यामुळे हा आडवा ताण पडतोच. म्हणून फक्त पुढे-मागे घासणाऱ्या चाचण्या झीज फारच कमी दाखवायच्या. आताची यंत्रं सर्व दिशांना फिरवून लाखो पावलं चालवतात, आणि वंगण म्हणून पाणी न घेता प्रथिनं असलेलं वासराचं सीरम घेतात, कारण नुसत्या पाण्यात झीज शरीरातल्यासारखी होत नाही.

तुटणाऱ्या साखळ्या एकमेकींना बांधल्या तर? 1990 च्या दशकाच्या अखेरीस हेच केलं गेलं. किरणांच्या माऱ्याने साखळ्यांमध्ये आडवे बंध तयार होतात आणि झीज कित्येक पटींनी घटते. मात्र किरणांमुळे मागे राहिलेले मुक्त मूलक प्लास्टिक ठिसूळ करतात. हे मूलक निकामी करण्यासाठी पदार्थ पुन्हा वितळवतात किंवा त्यात ई जीवनसत्त्व मिसळतात. बंध वाढले की चिवटपणा थोडा घटतो, तेव्हा मात्रा जपूनच ठरवावी लागते.

प्लास्टिक टाळणाऱ्या जोड्याही आहेत. सिरॅमिकवर सिरॅमिक ही जोडी द्रवाने चांगली भिजते आणि फार कमी झिजते, क्वचित तडकते एवढंच. धातूवर धातूची झीजही मोजमापात कमी होती, पण तिचे कण अतिसूक्ष्म होते आणि त्यांतून कोबाल्ट-क्रोमियम रक्तात उतरत होतं. 2010 मध्ये डीप्यू कंपनीला आपले ‘एएसआर’ नावाचे धातूवर-धातू सांधे बाजारातून परत घ्यावे लागले. झिजेचं माप कमी असणं पुरेसं नाही. सुटलेला कण शरीराला काय करतो, हेही पाहावं लागतं.

आपल्याकडे खुब्यापेक्षा गुडघे जास्त बदलले जातात, आणि त्यांतही बहुधा धातू-पॉलिथिलीनचीच जोडी असते. भुकटीने हाड पोखरलं जात असताना बरेचदा काहीच दुखत नाही, एक्स-रेत मात्र ते दिसतं. म्हणून सांधा बदललेल्या प्रत्येकाने, चालणं उत्तम असलं तरी, डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीत तपासणीला जावं. हाड शिल्लक असेपर्यंत दुरुस्ती पुष्कळ सोपी असते.