आल्प्सचा बर्फ आणि मावळचा पाऊस

आकाशातून जे पडते त्यावर माणूस शेती करतो, तसाच व्यवसायही करतो. उत्तर इटलीतील आल्प्स पर्वतात बर्फावर गावेच्या गावे जगतात. आमच्या मावळात लोणावळ्यापासून तळेगावपर्यंत पावसाळी पर्यटनावर कितीतरी घरांच्या चुली पेटतात. बर्फ आम्ही केवळ चित्रात पाहिला असला, तरी या दोन हंगामांची तुलना उद्बोधक ठरावी.

कोर्तिना द'अंपेझो हे इटलीतील गाव सुमारे १,२०० मीटर उंचीवर वसले आहे. तेथे १९५६ साली हिवाळी ऑलिंपिक भरले. २०२६ चे यजमानपदही मिलानच्या जोडीने त्याच गावाला मिळाले. पायांना लांब, अरुंद पट्ट्या बांधून बर्फाळ उतारावरून घसरत येणे, याला 'स्कीइंग' म्हणतात. वर जाण्यासाठी रज्जुमार्ग असतो. हा खेळ दिसतो तितका निर्धास्त नाही. बर्फाच्या कच्च्या थरावर नवा बर्फ साचला, की एका माणसाच्या भारानेही तो सुटतो आणि हिमलोट कोसळतो.

म्हणून तेथे धोक्याची प्रतवारी केलेली असते. सोपा उतार निळा, मध्यम तांबडा, अवघड काळा. हिमलोटाचा धोकाही १ ते ५ अशा पायऱ्यांत मोजला जातो. ही मोजपट्टी युरोपात १९९३ पासून रूढ आहे. धोक्याची पायरी हवामानानुसार बदलते व लोकांना कळवली जाते. उतारावर घसरणाऱ्याने दुसऱ्याला इजा केल्यास भरपाई मिळावी, म्हणून २०२२ पासून इटलीत विमा सक्तीचा आहे. अर्थात निसर्गापुढे सारेच उपाय पुरे पडत नाहीत. ३ जुलै २०२२ रोजी मार्मोलादा शिखरावरील हिमनदीचा भाग कोसळून ११ जण दगावले.

आता आपल्याकडे पाहू. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. आंबीजवळून वाहणारी इंद्रायणी पुढे कुंडमळ्यात खडकांतून उड्या घेते. तेथील जुना लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजी गर्दीच्या भाराने कोसळला आणि चौघांचा बळी गेला. पूल धोकादायक असल्याचा फलक तेथे होता!

फलक असूनही माणसे का जातात? कारण तो उन्हाळ्यात आणि पुरात एकच गोष्ट सांगतो. रोज तेच सांगणाऱ्याचे कोण ऐकतो? शिवाय पाऊस वर डोंगरात पडतो आणि पाणी खाली वाढते. डोक्यावर ऊन असले तरी घोटाभर पाणी बघता बघता कमरेला लागते. शेवाळलेल्या कातळावर मग पाय ठरत नाही. अपघातानंतर मनाई आदेश निघतात. त्याने गर्दी थांबते, पण कणसे आणि भजी विकणाऱ्याचा हंगामही बुडतो.

पाण्यात रंगीत पट्ट्यांचा खांब रोवावा: निळ्यापर्यंत पाणी असेल तर उतरावे, तांबड्यावर काठावर थांबावे, काळ्यावर परतावे. वरच्या गावातून खाली निरोप द्यावा आणि पाण्याची खोड जाणणाऱ्या गावातल्याच तरुणांना हंगामभर पगारी रखवालदार नेमावे. याला रज्जुमार्गाइतका पैसा लागत नाही. पाहुणा सुखरूप घरी गेला, तरच तो पुढच्या आषाढात पुन्हा येईल.