बॅचलर रुबाबाचा, स्पिन्स्टर उपहासाची!

नागरा (जि. गोंदिया) : महाशिवरात्रीला येथील पुरातन शिवमंदिरात भाविकांची रीघ लागते. मनासारखा पती लाभावा म्हणून उपवास धरणाऱ्या कुमारिकाही त्यात असतात. पुढे लग्नसराई सुरू झाली की घरोघरी पत्रिका येऊ लागतात. या पत्रिकांत वराच्या नावाआधी केवळ ‘चि.’ असते, वधूच्या नावाआधी मात्र ‘चि. सौ. कां.’ असा लवाजमा. सौ. कां. म्हणजे सौभाग्यकांक्षिणी, सौभाग्याची इच्छा धरणारी. वरालाही लग्नाची तितकीच इच्छा असते, पण ती छापण्याची गरज कुणाला वाटलेली नाही.

अविवाहित स्त्री आणि अविवाहित पुरुष यांना भाषा दोन मापांनी मोजते, हे केवळ मराठीतच घडते असे नाही. इंग्रजीतील ‘बॅचलर’ आणि ‘स्पिन्स्टर’ ही जोडी त्याचे ठळक उदाहरण होय.

‘बॅचलर’ हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेतून इंग्रजीत आला. दुसऱ्याच्या निशाणाखाली लढणारा तरुण सरदार, असा त्याचा मध्ययुगीन अर्थ. पुढे विद्यापीठाची पहिली पदवी घेणारा आणि लग्न न झालेला पुरुष, असे दोन्ही अर्थ त्याला चिकटले. उमेदवारीच्या काळातील तरुण, ही छटा या सर्व अर्थांत समान आहे. आपल्याकडील ब्रह्मचारी हाही मुळात विद्यार्थीच, आणि सोडमुंज झाल्यावरच तो गृहस्थाश्रमाकडे वळे.

‘स्पिन्स्टर’चा मूळ अर्थ सूत कातणारी. सूतकताई हे इंग्लंडमधील अनेक अविवाहित स्त्रियांचे उपजीविकेचे साधन होते. सतराव्या शतकापर्यंत हा शब्द दस्तऐवजांत अविवाहित स्त्रीच्या नावापुढे अधिकृतपणे लिहिला जाऊ लागला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सूत यंत्रांवर निघू लागले आणि घरचा चरखा मागे पडला. कष्टाची कमाई शब्दातून गळून गेली, उरले ते फक्त लग्न न होणे. आणि मग लग्नाचे वय उलटून गेलेली, असा कुत्सित अर्थ रूढ झाला. सेवाग्रामचा चरखा ज्यांच्या परिचयाचा आहे, त्या विदर्भातील वाचकांना कातणारीची ही अवनती विशेष चमत्कारिक वाटेल.

हे दोन्ही शब्द एकाच व्यक्तीला लागू पडल्याचे उदाहरण महाराष्ट्रातच सापडते. १८६६ मध्ये नाशिक येथे जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर ठरल्या. ऑक्सफर्ड येथे ‘बॅचलर ऑफ सिव्हिल लॉ’ची परीक्षा त्यांनी १८९२ मध्ये दिली, स्त्री असल्याने प्रत्यक्ष पदवी मिळण्यास मात्र १९२२ साल उजाडले. त्या आजन्म अविवाहित राहिल्या. म्हणजे विद्यापीठाच्या लेखी ‘बॅचलर’ आणि कायद्याच्या भाषेत ‘स्पिन्स्टर’!

मराठीचा संसारही फारसा वेगळा नाही. लग्न न झालेल्या पुरुषाला ‘सडाफटिंग’ म्हटले जाते, त्यात थोडी थट्टा आहे, पण मोकळेपणाचे कौतुकही आहे. मुलीचे लग्न लांबले की ती ‘घोडनवरी’ होते, आणि त्यात कौतुकाचा लवलेश नसतो. दुसऱ्यांदा बोहल्यावर चढणाऱ्या पुरुषासाठी ‘बिजवर’ हा रीतसर शब्द आहे. पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रीसाठी तसा रुळलेला शब्द नाही. ‘कुमार’ आणि ‘कुमारी’ ही जोडी समतोल खरी. तथापि कुमार वयात येताच ‘श्री.’ होतो, लग्नाशी त्याचा संबंध नसतो. कुमारी मात्र विवाहापर्यंत कुमारीच राहते, मग सौभाग्यवती होते. ‘श्रीमती’ हा सर्व स्त्रियांसाठी सोयीचा शब्द ठरला असता, परंतु बोलीव्यवहारात तो विधवेसाठी राखीव मानला गेल्याने अनेकजणी तो टाळतात.

पर्यायी शब्द शोधण्याचे प्रयत्नही झाले. अमेरिकेत ‘बॅचलरेट’ हा शब्द प्रचारात आला आणि २००३ मध्ये त्याच नावाच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने तो जगभर पोहोचवला. मुंबई-पुण्यातील घरभाड्याच्या जाहिरातींनी त्याही पुढे जाऊन ‘बॅचलर गर्ल्स’ हा प्रकार रूढ केला. घर नाकारताना बॅचलर मुलगा की मुलगी, हा भेद घरमालक फारसा करत नाहीत, एवढीच काय ती समानता.

कायद्याची भाषा हळूहळू बदलते आहे. १८७२ च्या भारतीय ख्रिश्चन विवाह कायद्यातील नमुन्यात वधूच्या स्थितीच्या रकान्यात ‘स्पिन्स्टर’ हाच शब्द आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याच्या घोषणापत्रात मात्र वर आणि वधू दोघांसाठीही ‘अविवाहित’ या अर्थाचा एकच शब्द वापरला आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये विवाह नोंदवहीतून बॅचलर व स्पिन्स्टर हे दोन्ही शब्द २००५ च्या डिसेंबरात हद्दपार झाले. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये लिंगभेदी शब्दांविषयीची पुस्तिका प्रसिद्ध केली. तीत ‘स्पिन्स्टर’ऐवजी ‘अविवाहित स्त्री’ म्हणावे, असे सुचवले आहे.

शब्दांची किंमत लग्नाच्या बाजारावरही ठरते. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या. गोंदिया जिल्ह्यात हेच प्रमाण ९९९ होते. मुली कमी असलेल्या भागांत चित्र पालटू लागले आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित तरुणांनी नवरदेवाच्या वेशात, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला. मुली मिळत नाहीत, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. ‘घोडनवरा’ हा शब्द मराठीत आधीपासून आहे, पण फारसा कुणी वापरत नसे. आता गावच्या पारावर तो सर्रास ऐकू येतो.