टपालानें येणारे चित्रपट

घरांतील सर्वांनीं एकत्र बसून पाहिलेल्या चित्रपटाची गोडी कांहीं निराळीच असते. परंतु दहाबारा माणसांच्या घरांत "आज काय पहावयाचें?" हा प्रश्न निघाला कीं आजोबांपासून नातवंडांपर्यंत जितकीं माणसें तितकीं मतें होतात, हेंहि आमच्या वाचकांच्या अनुभवाचें आहे. या प्रश्नास अमेरिकेंत पंचवीस वर्षें एक मोठें व्यवस्थित उत्तर मिळत होतें. तें म्हणजे चित्रपटांच्या डीव्हीडी तबकड्या टपालानें घरपोच पुरविणारी मासिक वर्गणी. तिच्या इतिहासांत गृहव्यवस्थेस उपयोगी असे कांहीं धडे आहेत; आणि ज्यांचीं मुलें-सुना परदेशीं आहेत, त्यांस आजहि त्यांचा प्रत्यक्ष उपयोग होण्यासारखा आहे.

रीड हेस्टिंग्ज व मार्क रॅन्डॉल्फ या दोघांनीं १९९७ सालीं कॅलिफोर्नियांत नेटफ्लिक्स ही कंपनी काढली. त्यापूर्वीं चित्रपट भाड्यानें मिळत तो व्हिडिओ कॅसेटवर, आणि ती जड व ठोकळ्यासारखी. नवी तबकडी मात्र बारा सेंटिमीटर व्यासाची व जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीची. ती साध्या लखोट्यांत घालून पत्राप्रमाणें पाठवितां येते, या एका गोष्टीवर सारा धंदा उभा राहिला. १९९८ मध्यें तबकड्या पाठविण्यास आरंभ झाला आणि पुढच्याच वर्षीं मासिक वर्गणीची पद्धति सुरू झाली.

पद्धति सोपी होती. वर्गणीदारानें हव्या त्या चित्रपटांची यादी करावयाची. वर्गणीच्या मानानें एक, दोन किंवा तीन तबकड्या एका वेळीं घरीं येत. त्या परत करण्यास मुदत नाहीं आणि उशिराबद्दल दंडहि नाहीं. त्याच लाल पाकिटांतून तबकडी टपालांत टाकली, कीं यादींतील पुढची निघे. परतीचें टपालहंशील कंपनीच भरी.

अशी वर्गणी निवडतांना पहिला विचार आपल्या घराच्या गतीचा करावा. २००४ च्या अखेरीस तीन तबकड्यांच्या वर्गणीचा मासिक दर १७.९९ डॉलर होता. महिन्यांत बारा चित्रपट पाहणाऱ्या घरास प्रत्येक चित्रपट दीड डॉलरांत पडे. दोनच पाहणाऱ्यास तोच नऊ डॉलरांत. दंड नव्हता, म्हणून आळस फुकट पडत होता असें नव्हे. उलट अतिशय घाई करणाऱ्यांसहि सर्व कांहीं मनासारखें मिळत नसे. ज्यांची मागणी कमी त्यांस मागणी असलेल्या तबकड्या आधीं देण्यांत येतात, असें कंपनीनें २००५ मध्यें आपल्या नियमांतच नमूद केलें होतें. तात्पर्य, 'अमर्याद' हा शब्द जाहिरातींत वाचल्यावर नियमांचा कागदहि वाचावा.

दुसरा विचार पाळीचा. आणि एकत्र कुटुंबांत तोच सर्वांत महत्त्वाचा. यादी एकच असली तर ती ज्याच्या हातीं, त्याचेच चित्रपट वर चढतात. घरांतील वडील मंडळींची भीड असते, मुलांचा हट्ट असतो; यादींत तळाशीं राहते ती बहुधा गृहिणीची निवड. यावर नेटफ्लिक्सनें एक उत्तम सोय केली होती. एकाच खात्यांत घरांतील निरनिराळ्या माणसांच्या स्वतंत्र याद्या ठेवून तबकड्या त्यांच्यांत वांटून देतां येत. जून २००८ मध्यें ही सोय बंद करण्याचें कंपनीनें जाहीर केलें, तेव्हां वर्गणीदारांनीं इतका निषेध केला कीं त्याच महिन्यांत तिला तो बेत सोडावा लागला. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल; पण आपल्या वाट्याची एक तबकडी म्हणजे घरांतील आपल्या आवडीस मिळालेली मान्यता, हें त्या लोकांनीं ओळखलें होतें.

तिसरा विचार संग्रहाचा. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणें, रीतसर विकत घेतलेली चित्रपटाची तबकडी मालकास भाड्यानें देतां येते. त्यासाठीं निर्मात्याची निराळी परवानगी लागत नाहीं. म्हणूनच या कंपनीचा संग्रह एक लाख शीर्षकांच्या घरांत जाऊं शकला. इंटरनेटवरून थेट दाखविण्याच्या चित्रपटांची गोष्ट वेगळी. त्यांचा परवाना ठराविक मुदतीचा असतो, आणि मुदत संपली कीं काल दिसणारा चित्रपट आज नाहींसा होतो. जुने, परभाषी किंवा थोड्यांच्याच आवडीचे चित्रपट अशा वेळीं प्रथम गळतात.

२९ सप्टेंबर २०२३ रोजीं नेटफ्लिक्सनें आपल्या शेवटच्या तबकड्या रवाना केल्या. तोंपर्यंत पांचशें कोटींहून अधिक तबकड्या टपालानें गेल्या होत्या. ब्रिटनमधील लव्हफिल्मची टपालसेवा त्यापूर्वींच, २०१७ मध्यें, बंद झाली होती. भारतांतहि सेव्हंटीएमएम, बिगफ्लिक्स इत्यादि कंपन्यांनीं घरपोच तबकड्या देण्याचा उद्योग या शतकाच्या पहिल्या दशकांत करून पाहिला. तो टिकला नाहीं. तथापि ब्रिटनमध्यें सिनेमा पॅरॅडिसो आणि अमेरिकेंत सिॲटल येथील स्केअरक्रो व्हिडिओ ही ना-नफा संस्था टपालानें चित्रपट देत आल्या आहेत. शिवाय अमेरिकेंतील बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयांतून तबकड्या विनामूल्य मिळतात. वर्गणी भरण्यापूर्वीं तेथें अवश्य चौकशी करावी.

तबकडी मागवितांना तिचा प्रदेशांक पहावा. अमेरिकेचा एक, ब्रिटन व जपानचा दोन, भारताचा पांच; अंक जुळला नाहीं तर यंत्र ती दाखवीत नाहीं. आलेली तबकडी उजेडांत धरून चरे पहावेत, आणि पुसावयाची झाल्यास मऊ कापडानें मध्याकडून कडेकडे सरळ पुसावी, गोल पुसूं नये.

साधन कोणतेंहि असो, प्रत्येक घरांत एक यादी आणि एक पाळी ठरलेली असावी. आज पडद्यावर जें आपोआप पुढें येतें, तेंच आपण पाहूं लागलों आहों. पण आजीनें सांगितलेला चित्रपट आठ दिवस वाट पाहून आणावा, तिच्याजवळ बसून पहावा, आणि पुढच्या आठवड्यांत नातवाच्या पाळीला आजीनेंहि बसावें, यांत एकमेकांच्या आवडीचा जो आदर आहे, तो कोणत्याहि वर्गणींत विकत मिळत नाहीं.